नागपूरची जनगणना: आपल्या मोहल्ल्याचा आकडा कुठे मिळतो आणि कसा मागायचा

नागपुरात मुसलमान किती, असे मोमिनपुऱ्यात कुणालाही विचारा. उत्तर लगेच मिळते, पण प्रत्येकाचे वेगळे. कुणी चार लाख सांगतो, कुणी सहा. निवडणूक जवळ आली की हा आकडा आणखी फुगतो. सरकारी कागदावरचा आकडा मात्र एकच आहे आणि तो कुणालाही फुकट बघता येतो. २०११ च्या जनगणनेत नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत २४ लाख ५ हजार ६६५ माणसे मोजली गेली. त्यात मुसलमान ११.९५ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ८७ हजार. पूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाख ५३ हजार. त्यात मुसलमान साधारण ८.४ टक्के, म्हणजे ३ लाख ९० हजारांच्या आसपास. याचा अर्थ जिल्ह्यातल्या दर चार मुसलमानांपैकी जवळपास तिघे शहरात राहतात.

हे आकडे जुने आहेत, हे खरे. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये पुढे ढकलली गेली आणि मग ढकलतच राहिली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी चालत आलेली साखळी पहिल्यांदाच तुटली. आता नवी जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार, असे केंद्र सरकारने १६ जून २०२५ ला जाहीर केले. तोवर रेशनपासून प्रभाग रचनेपर्यंत सगळा कारभार २०११ च्याच आकड्यांवर चालला. म्हणून तो जुना आकडा कुठे आहे, त्यात काय आहे आणि काय नाही, हे समजून घेणे गरजेचे आहे. नवा आकडा येईल तेव्हाही तो मिळवण्याची वाट साधारण हीच राहणार आहे.

कुठे बघायचे

जनगणना हा केंद्राचा विषय. दिल्लीत भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांचे कार्यालय आहे आणि आपल्या राज्यासाठी मुंबईत जनगणना कार्य संचालनालय आहे. तक्ते दिल्लीच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकलेले असतात आणि एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. अडचण एवढीच की तिथे हजारो फायली आहेत आणि नावे इंग्रजीत, सांकेतिक. नेमके काय शोधायचे ते माहीत नसेल तर माणूस दहा मिनिटांत कंटाळून बंद करतो.

आपल्या कामाचे तक्ते मोजकेच आहेत. धर्मनिहाय लोकसंख्या हवी असेल तर 'सी-१' हा तक्ता. २०११ चा हा तक्ता २५ ऑगस्ट २०१५ ला, म्हणजे मोजणीनंतर चार वर्षांनी जाहीर झाला. राज्य, जिल्हा, तालुका आणि शहर अशी त्याची उतरंड आहे. धर्म आणि शिक्षण एकत्र बघायचे असेल तर 'सी-९'. त्यात किती मुसलमान स्त्री-पुरुष निरक्षर, किती दहावीपर्यंत, किती पदवीधर हे दिसते. धर्म आणि वय यासाठी 'सी-१५'. शाळा, वसतिगृह किंवा दवाखान्याची मागणी करताना हे दोन तक्ते सी-१ पेक्षाही जास्त उपयोगी पडतात, कारण नुसती संख्या सांगून कुणी शाळा देत नाही. सहा ते चौदा वयाची मुले किती, हे सांगावे लागते. मातृभाषेसाठी 'सी-१६'.

याशिवाय प्रत्येक जिल्ह्याची एक जिल्हा जनगणना पुस्तिका निघते. १९५१ पासून ही पद्धत आहे. तिचे दोन भाग असतात. एकात गावागावांतल्या सोयी, म्हणजे शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, बँक. दुसऱ्यात गाव आणि वॉर्डनिहाय लोकसंख्येचा गोषवारा. नागपूर जिल्ह्याचे चौदा तालुके त्यात आहेत. काटोल, नरखेड, उमरेड, रामटेक इकडच्या वाचकांनी आपल्या गावाची ओळ एकदा तरी काढून बघावी. गावात नसलेली सोय तिथे 'आहे' म्हणून लिहिलेली सापडली, तर ग्रामसभेत बोलायला तेवढा एक मुद्दा पुरतो.

कामठीच्या तीन ओळी

शहराची ओळ बघताना एक काळजी घ्यावी लागते, आणि ती कामठीच्या उदाहरणाने लवकर कळते. कामठी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर एकच सलग वस्ती. पण २०११ च्या जनगणनेत तिच्या वेगवेगळ्या ओळी आहेत. कामठी नगरपरिषद एक, जिची लोकसंख्या ८६ हजारांच्या पुढे. कामठी छावणी, म्हणजे कॅन्टोन्मेंट, वेगळी. आणि अगदी लागून असलेले येरखेडा हे तेव्हा ग्रामपंचायत असूनही 'जनगणना शहर' म्हणून तिसऱ्या ओळीत. जनगणना शहर म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचा, पण लोकवस्ती आणि कामधंदा शहरासारखा. नुसत्या 'कामठी' नावाने शोधून पहिली ओळ घेतली तर वस्तीतला मोठा भाग सुटतो. उलट कामठी तालुका घेतला तर आजूबाजूची शेतीची गावे आत येतात आणि टक्केवारी घसरते. निवेदनात आकडा लिहिताना तो कुठल्या हद्दीचा आहे, हे लिहिलेच पाहिजे. नाहीतर समोरचा अधिकारी दुसऱ्या हद्दीचा आकडा काढून तुमचे निवेदन खोटे ठरवतो. त्याचाही आकडा खराच असतो.

वॉर्डात धर्माचा रकाना नाही

आता मुख्य अडचणीकडे येऊ. शहराचा आकडा मिळतो, तालुक्याचा मिळतो. पण नळ, गटार, उर्दू शाळा, आरोग्य केंद्र यांचा निर्णय शहराच्या पातळीवर होत नाही, वस्तीच्या पातळीवर होतो. हंसापुरी, टेका, हसनबाग, जाफरनगर, ताजबागच्या आसपासच्या वस्त्या, यशोधरानगर, यांची गरज एकसारखी नाही. जाफरनगरमध्ये नोकरदार घरे जास्त, टेक्याला कारागीर आणि रोजंदारीवाले जास्त. आणि नेमक्या याच पातळीवर जनगणना धर्माचा आकडा छापत नाही.

वॉर्डनिहाय जे छापले जाते त्याला प्राथमिक जनगणना गोषवारा म्हणतात. त्यात घरे किती, माणसे किती, सहा वर्षांपर्यंतची मुले किती, साक्षर किती, काम करणारे किती, त्यात शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले आणि इतर किती हे सगळे स्त्री-पुरुषनिहाय असते. अनुसूचित जाती आणि जमातींचा रकानाही असतो. धर्माचा नसतो. यामागे कुणाचा डाव शोधत बसण्याची गरज नाही. महापालिका आणि पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येवरून ठरतात, म्हणून तो आकडा खालपर्यंत लागतोच. धर्मावर जागा राखीव नाहीत, म्हणून खालपर्यंत छापण्याची कायदेशीर गरज पडली नाही. पण परिणाम असा की बौद्ध बांधवांच्या वस्तीची स्थिती अनुसूचित जातीच्या रकान्यातून बऱ्यापैकी दिसते आणि आपली दिसत नाही.

तरीही वॉर्डाच्या ओळी कामाच्या आहेत. जिथे वस्ती एकसलग आहे तिथे वॉर्डाची साक्षरता म्हणजे जवळपास आपलीच साक्षरता. २०११ ला नागपूर शहराची साक्षरता सुमारे ९२ टक्के होती. तुमच्या वॉर्डात ती त्याहून किती खाली आहे, आणि स्त्रियांची किती खाली आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवले की बोलायला धर्माचा रकाना लागत नाही. दुसरा गोषवारा घरयादीचा आहे. त्यात वॉर्डातल्या किती टक्के घरांत नळ आहे, किती घरांत संडास, सांडपाण्याची नाली बंद आहे की उघडी, स्वयंपाक कशावर होतो, बँकेत खाते आहे का, सायकल आहे की स्कूटर, हे मिळते. झोपडपट्टीचा तक्ता वेगळा आहे. २०११ ला नागपुरात साडेआठ लाखांहून जास्त लोक, म्हणजे शहराच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक, झोपडपट्टीत मोजले गेले.

यात आणखी एक घोळ आहे. २०११ चे वॉर्ड आज अस्तित्वात नाहीत. तेव्हाची रचना २००७ च्या निवडणुकीची, १३६ वॉर्डांची होती. एका वॉर्डात सरासरी १७-१८ हजार माणसे. २०१२ ला नगरसेवक १४५ झाले. २०१७ ला १५१ नगरसेवक आणि ३८ मोठे प्रभाग आले. आता एका प्रभागात सरासरी ६३ हजार माणसे. तेव्हाच्या वॉर्ड क्रमांकाचा आजच्या प्रभाग क्रमांकाशी काही संबंध नाही. जुन्या तक्त्यातला क्रमांक घेऊन 'आमच्या प्रभागाचा आकडा' म्हणून छापलेली पत्रके दिसतात, ती चुकीची आहेत.

मग जुळवायचे कसे? याचे उत्तर महापालिकेच्याच कपाटात आहे. जनगणनेत शहर सातशे-आठशे माणसांच्या लहान लहान तुकड्यांत वाटले जाते. त्यांना प्रगणक गट म्हणतात. एका प्रगणकाला, बहुतेक वेळा महापालिकेच्या किंवा खासगी शाळेतल्या मास्तराला, असा गट मिळतो. राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाने प्रभाग करताना हेच गट जोडून प्रभाग बनवतात. म्हणजे कुठल्या प्रभागात कुठले गट आहेत, प्रत्येक गटात माणसे किती, याची यादी आणि नकाशा निवडणूक विभागाकडे असतोच. प्रभाग रचनेचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा तो बघता येतो. नंतर माहितीच्या अधिकारात मागता येतो. मोहल्ल्याचे खरे माप हा प्रगणक गट आहे, वॉर्ड किंवा प्रभाग नव्हे.

आकड्यावर काय काय अडते

अल्पसंख्याकबहुल भागांसाठीची केंद्राची योजना २००८-०९ मध्ये सुरू झाली, तेव्हा २००१ च्या जनगणनेवरून देशातले ९० जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातले चार: परभणी, बुलढाणा, वाशीम, हिंगोली. नागपूर त्यात नव्हते. कारण एकक जिल्ह्याचे होते आणि जिल्ह्याच्या सरासरीत मोमिनपुरा आणि टेका विरघळून जात होते. २०१३ पासून एकक खाली आणून तालुका-गट आणि शहरे धरली गेली. पुढे योजनेचे नाव प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम झाले. एकक जितके लहान तितक्या आपल्यासारख्या विखुरलेल्या वस्त्या नजरेत येतात.

इथे नागपूरकरांनी एक बेरीज लक्षात ठेवावी. 'अल्पसंख्याक' म्हणजे फक्त मुसलमान नव्हे. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा समाज आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे नागपुरात बौद्धांची संख्या मोठी आहे, शहरात १५.५७ टक्के. त्यात मुसलमान, ख्रिस्ती, जैन, शीख मिळवले की बेरीज ३० टक्क्यांच्या थोडी वर जाते. उत्तर नागपुरात तर मुस्लिम आणि बौद्ध वस्त्या भिंतीला भिंत लागून आहेत. वसतिगृह, आयटीआय किंवा आरोग्य केंद्राचा प्रस्ताव दोन्ही समाजांनी मिळून, एकत्रित आकड्यावर मांडला तर तो जास्त भक्कम ठरतो. हे फार कमी वेळा होते.

रेशनचा प्रश्न तर रोजचाच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात राज्याला किती माणसांचे धान्य मिळणार, हा इष्टांक २०११ च्या लोकसंख्येवरून ठरला. महाराष्ट्राचा सुमारे सात कोटी. मोहल्ल्यात घरे वाढली, लेकरे झाली, सुना आल्या, पण इष्टांक तोच. दुकानदार 'कोटा फुल आहे' म्हणतो त्याचे मूळ बऱ्याचदा इथे असते, दुकानदारात नव्हे.

आणि भाषा. २०११ मध्ये महाराष्ट्रात मुसलमान १ कोटी २९ लाख ७१ हजार होते. उर्दू मातृभाषा सांगणारे ७५ लाख ४० हजार. म्हणजे निदान ५४ लाख मुसलमानांनी उर्दू सोडून दुसरी भाषा सांगितली. कोकणात कोकणी, ग्रामीण विदर्भात आणि मराठवाड्यात मराठी, कुठे गुजराती, कुठे हिंदी. ज्याची मातृभाषा खरोखर मराठी आहे त्याने मराठीच सांगावी, त्यात कमीपणा काय? पण घरात उर्दू बोलणाऱ्याने प्रगणकाला घाईत 'हिंदी' म्हटले, आणि पुढल्या वर्षी उर्दू शाळेची तुकडी पटाअभावी बंद होताना मोर्चा काढला, तर सरकारचा तक्ता त्याच्या विरोधात साक्ष देतो.

चुकीचे वाचन

आकडा मिळणे एक आणि तो वाचणे दुसरे. सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेचा धर्मविषयक अहवाल आला, तेव्हा मुस्लिम लोकसंख्या दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढली अशी बातमी देशभर झाली. पण १९९१ ला जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. २००१ ला झाली. म्हणजे आधीच्या बेरजेत नसलेले एक अख्खे मुस्लिमबहुल राज्य नंतरच्या बेरजेत आले होते. ते दुरुस्त केल्यावर वाढीचा दर २९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आधीच्या दशकापेक्षा कमी निघाला. २००१ ते २०११ या दशकात तो आणखी उतरून २४.६ टक्के झाला. दुरुस्ती आली, पण पहिली बातमी जितकी पसरली तितकी ती पसरली नाही. आजही व्हॉट्सॲपवर ३६ चा आकडा फिरतो.

त्या वेळी जनगणना आयुक्त होते जयंतकुमार बांठिया. पुढे ते महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले, आणि २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षही तेच होते. जातीची मोजणी हाताशी नसल्यामुळे त्या आयोगाच्या कामात मतदार याद्यांतल्या आडनावांवरून ओबीसी ओळखण्याची पद्धत वापरली गेली आणि त्यावर बरीच टीका झाली. मुसलमानांच्या बाबतीत ही पद्धत किती लंगडी आहे हे आपल्याला वेगळे सांगायला नको. शेख आडनावाचा माणूस बागवान असू शकतो, पिंजारी असू शकतो, किंवा कुठल्याच ओबीसी यादीत नसलेलाही असू शकतो. खान आणि पठाणांचेही तेच. आडनावावरून मोजायचे म्हटले तर मुस्लिम ओबीसी कमीच दिसणार.

कायद्यातले कलम १७

आता फारसे कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट. जनगणना १९४८ च्या कायद्याने होते. त्याचे कलम १५ प्रसिद्ध आहे: कुणाही एका माणसाची नोंद कुणाला बघायला मिळत नाही, ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. पण दोनच कलमे पुढे, कलम १७ मध्ये, वेगळी सोय आहे. कुठल्याही स्थानिक प्राधिकरणाने किंवा व्यक्तीने मागणी केली आणि खर्च भरला, तर छापील अहवालात नसलेली पण जनगणनेच्या नोंदींवरून काढता येणारी सांख्यिकी माहिती जनगणना संचालक तयार करून देऊ शकतात. स्थानिक क्षेत्रापुरतीसुद्धा. मागणी वाजवी आहे असे त्यांना वाटले पाहिजे, एवढी अट.

म्हणजे अमुक चाळीस प्रगणक गट एकत्र धरून त्यातल्या मुस्लिम मुलींपैकी किती शाळेत जातात, असा तक्ता मागता येतो. हा हक्क नाही, संचालकांच्या मर्जीवरची सोय आहे, हे आधीच समजून घ्यावे. पण माहितीच्या अधिकारापेक्षा ती एका बाबतीत पुढची आहे. माहितीच्या अधिकारात असलेला कागद मिळतो, नवा तक्ता कुणी बनवून देत नाही. कलम १७ नवा तक्ता बनवण्यासाठीच आहे. आणि कायद्यात स्थानिक प्राधिकरणाचे नाव व्यक्तीच्या आधी आहे. एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा महापालिकेच्या ठरावाचे वजन जास्त पडणार. नगरसेवकाकडे फक्त रस्ता आणि लाइट मागण्याऐवजी सभागृहात असा ठराव मांडायला सांगावे. विषय पक्षाचा नाही, खर्चही मोठा असायचे कारण नाही.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि इथे माझे मत स्पष्ट आहे. गल्लीनिहाय 'मुसलमान किती' असा उघडा आकडा मागू नये. मार्च २०२५ मध्ये महाल-हंसापुरी भागात जे घडले ते ताजे आहे. कुठल्या गल्लीत कोण राहतो याची तयार यादी वाईट दिवसात वाईट हाती पडू शकते. वीस-तीस हजार लोकवस्तीचा पट्टा धरावा आणि संख्या नव्हे, स्थिती मागावी: शिक्षण, काम, पाणी, मुलींची शाळा. योजनेला तेवढेच लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ पासून जनगणनेत धर्माचा प्रश्न आहे, तोही ऐच्छिक. तिथे धर्माचे आकडे शे-सव्वाशे घरांच्या तुकड्यापर्यंत जाहीर होतात. २०११ च्या आकड्यांवरून तिथल्या मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटन या संस्थेने २०१५ ला एक पुस्तिका काढली. एक तृतीयांश मुस्लिम पंधरा वर्षांपर्यंतचे आहेत आणि जवळपास निम्मे देशातल्या सर्वांत गरीब दहा टक्के भागांत राहतात, हे त्यातून समोर आले. आपल्याकडे सच्चर समितीने २००६ मध्ये असेच काम देशपातळीवर केले. तिने राष्ट्रीय डेटा बँकेची शिफारसही केली होती. पण जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पातळीवर समाजाने स्वतः बसून केलेले काम फार थोडे आहे. नागपुरात एवढी कॉलेजे, एवढे पदवीधर पोरे-पोरी, एक्सेल येणारे तर घरोघर. मस्जिद कमिटी किंवा शिक्षण संस्थेने चार पोरांना पंधरा दिवस बसवले तर शहराचे निम्मे काम होईल.

या खेपेला नोंद देताना

नवी जनगणना दोन टप्प्यांत आहे. पहिला घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ च्या दरम्यान प्रत्येक राज्यात तीस दिवस. त्याचे ३३ प्रश्न जाहीर झाले आहेत आणि त्यात धर्म नाही. घर, पाणी, संडास, इंधन, मोबाइल, इंटरनेट, मुख्य धान्य कुठले खाता असे प्रश्न आहेत. माणसामाणसाची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. धर्म, भाषा, शिक्षण, काम आणि या वेळी जातही तिथे येते. जात मोजण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ ला झाला. मोजणी मोबाइल ॲपवर होणार आहे आणि आधी स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही ठेवली आहे.

लोकांच्या मनात एनआरसीची भीती आहे आणि ती उगाच आलेली नाही. म्हणून फरक सांगतो. जनगणना १९४८ च्या कायद्याखाली होते. लोकसंख्या नोंदवही, म्हणजे एनपीआर, ही नागरिकत्वाच्या २००३ च्या नियमांखालची वेगळी गोष्ट आहे. जनगणनेत कुठलाही कागद दाखवावा लागत नाही, प्रगणकाला आधार क्रमांक किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. कुणी ओटीपी मागितला तर तो प्रगणक नाही, ठग आहे. उत्तर देणे मात्र कायद्याने बंधनकारक आहे. त्यातही एक जुनी नजाकत आहे: कलम ८ नुसार घरातल्या बाईचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. नाव न सांगताही ती मोजली जाते, मोजली गेलीच पाहिजे.

बाईच्या कामाची नोंद हा सगळ्यात मोठा गळतीचा भाग आहे. विडी वळणारी, शिलाई करणारी, घरी पापड किंवा मसाले बनवणारी बाई. प्रगणक विचारतो, 'काम?' दारात उभा असलेला नवरा सांगतो, 'घरीच असते.' झाले, ती काम न करणारी ठरली. तक्त्यात घरगुती उद्योगाचा रकाना नेमका तिच्यासाठी आहे. पैसे थोडे मिळत असले तरी काम ते कामच. विडी कामगारांच्या दवाखान्याची किंवा शिलाई प्रशिक्षणाची मागणी करायची तर या बायका कागदावर असायला हव्यात.

बिरादरीबद्दलही घरात आणि जमातीत आधी बोलून घ्यावे. एकाच विणकर समाजातले कुणी अन्सारी सांगतील, कुणी मोमिन, कुणी जुलाहा. तीन नावांत विभागले गेले तर तीन लहान आकडे दिसतील. जातीच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच सांगणे सोयीचे. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांनी महाराष्ट्राच्या ओबीसी यादीतली आपली नोंद कशी लिहिली आहे ते बघून घ्यावे. 'मुस्लिम' हा धर्माच्या प्रश्नाचा जवाब आहे, जातीच्या प्रश्नाचा नाही.

अर्जाचा नमुना

कलम १७ खालचा अर्ज साध्या कागदावर करता येतो. मजकूर असा ठेवता येईल:

'प्रति, संचालक, जनगणना कार्य संचालनालय, महाराष्ट्र, मुंबई. विषय: जनगणना अधिनियम १९४८, कलम १७ नुसार सांख्यिकी गोषवारा मिळणेबाबत. महोदय, नागपूर महानगरपालिका हद्दीतील सोबतच्या यादीतील प्रगणक गट एकत्र धरून, धर्मनिहाय साक्षरता व शाळेत जाणारी ६ ते १४ वयाची मुले-मुली, तसेच धर्मनिहाय काम करणारे स्त्री-पुरुष, यांचा एकत्रित तक्ता हवा आहे. ही माहिती प्रसिद्ध अहवालांत उपलब्ध नाही. उपयोग: अल्पसंख्याक क्षेत्र विकासाचा प्रस्ताव. कोणत्याही व्यक्तीची किंवा एका गटाची स्वतंत्र माहिती नको. येणारा खर्च कळवावा, तो भरण्यास तयार आहोत.'

सोबत प्रगणक गटांची यादी आणि संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र जोडावे. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी आणि एक प्रत महापालिका आयुक्तांना द्यावी, कारण जनगणनेच्या काळात शहराचे प्रमुख जनगणना अधिकारी तेच असतात. महिना-दीड महिन्यात काहीच उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात त्याच अर्जावर काय कारवाई झाली एवढेच विचारावे. तीस दिवसांत जवाब द्यावा लागतो. नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागून घ्यावा, म्हणजे २०२७ च्या आकड्यांसाठी महापालिकेचा ठराव करताना तोच कागद जोडता येईल.